उष्म्याची जकात

पुण्याकडून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर, माळशिरस मागे पडल्यानंतर आणि भंडीशेगाव यावयाच्या आधी, वेळापूर लागते. अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ पाहावयास येणारा रसिक प्रवासी बहुधा थंडीत येतो, वारकरी आषाढात येतो, आणि त्यामुळे या मुलखाचा खरा स्वभाव दोघांनाही कळत नाही. तो कळावा अशी ज्याची इच्छा असेल त्याने वैशाखाच्या भर दुपारी यावे. सोलापूर जिल्ह्यात त्या सुमारास पारा चाळीस अंशांची हद्द सहज ओलांडतो, उसाच्या फडावरून येणारा वारासुद्धा चुलाणाच्या तोंडातून निघाल्यासारखा अंगावर येतो, कुत्री ओट्याखाली शिरतात, म्हशी डबक्याचा रस्ता धरतात, आणि गावाच्या कडेला, सांडपाण्याच्या खळग्यात, काळी डुकरे अर्धी चिखलात बुडून, डोळे मिटून निपचित पडलेली दिसतात.

त्यांच्यापासून चार पावलांवर भरड्याने भरलेली डोण असते. सकाळी दहाला घातलेले खाद्य दोन वाजले तरी तसेच, वर माश्या घोंघावत असलेल्या. आधाशीपणाची उपमा देताना आपण ज्याचे नाव घेतो तेच जनावर भरल्या डोणीकडे ढुंकूनही पाहात नाही, तेव्हा मालक साहजिकच धास्तावतो. तो डोण हलवून पाहतो, वर गुळाचे पाणी शिंपडून पाहतो, काठीने डिवचून उठवूनही पाहतो, आणि शेवटी दुखणे आले असे समजून औषधाच्या शोधात निघतो. पण रात्री नऊच्या सुमारास तेच डुक्कर उठते, अंग झटकते आणि डोण तळापर्यंत चाटून साफ करते. दुखणाईत जनावर असे घड्याळ पाहून बरे होत नाही. मग दुपारी ही भूक जाते कोठे?

घाम न येणारा देह

उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम डवरतो, तो वाऱ्याने सुकतो आणि सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो. मातीच्या रांजणातील पाणी ज्या न्यायाने गार होते, तोच हा न्याय: रांजणाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेची किंमत आतल्या पाण्याला आपली उष्णता देऊन चुकवावी लागते. हे लहानसहान देणे नव्हे. एक लिटर पाण्याची कातडीवर वाफ व्हावयास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. माणूस आणि घोडा या बाबतीत श्रीमंत. गाय-बैल मध्यम स्थितीतले. म्हशीजवळ घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती पाण्यात जाऊन बसते. डुकराची स्थिती मात्र अगदीच हलाखीची. त्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी आहेत, पण बाहेर कितीही तापले तरी त्या जवळजवळ दाद देत नाहीत, आणि कातडीखाली चरबीचे जाड अस्तर असल्यामुळे आतली उष्णता बाहेर पडावयाची वाटही अरुंद. राहता राहिला श्वास. निवांत डुक्कर मिनिटाला साधारण वीस-तीस वेळा श्वास घेते. उन्हात तो आकडा शंभराच्याही पुढे जातो, आणि ही धाप टाकावयाची तर त्यासाठीही स्नायूंना राबावे लागते, म्हणजे थोडी आणखी उष्णता.

ज्याला स्वतःचा घाम नाही त्याने तो उसना आणावा, हे ओघानेच आले. चिखल हा डुकराचा उसना घाम आहे. १९६५ साली इंग्राम या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने डुकराच्या अंगावर एकदा नुसते पाणी आणि एकदा चिखल लावून बाष्पीभवन मोजले, तेव्हा असे दिसले की पाणी पाहता पाहता उडून जाते, तर चिखलाच्या थरातील ओल कितीतरी अधिक वेळ टिकून अंग गार करीत राहते. घाणीची आवड म्हणून आपण ज्याची हेटाळणी करतो ते हे शहाणपण. जागा पुरेशी असेल आणि हवा सुखाची असेल तर डुक्कर बसावयाची जागा आणि मलमूत्राची जागा कटाक्षाने वेगळी ठेवते. ओले दुसरे काही मिळाले नाही तरच ते स्वतःच्या घाणीत लोळते. बदामीच्या चालुक्यांनी वराह आपल्या राजमुद्रेवर मिरवला, दक्षिणेत सोन्याच्या नाण्याला वराह हे नाव मिळाले, आणि त्याच मुलखात जिवंत वराह पाळणाऱ्या वडार-कैकाडी कुटुंबांना गावाने वेशीबाहेर जागा दिली, हा विरोधाभास येथे नुसता नोंदवून पुढे जातो. त्या कुटुंबांना मात्र उन्हाळ्यातील डुकराचे वागणे आमच्या ग्रंथांच्या आधीपासून ठाऊक आहे.

पूर्ण वाढलेल्या डुकराला अठरा ते बावीस अंशांची हवा मानवते. पंचविशीच्या पुढे त्याचे खाणे उतरू लागते. वेळापुरात वैशाखातील पहाटसुद्धा पंचवीस अंशांच्या फारशी खाली येत नाही. म्हणजे सबंध महिना, रात्रंदिवस, हे जनावर आपल्या सुखाच्या हद्दीबाहेर राहते.

प्रत्येक घासावर जकात

उन्हाचा ताप बाहेरून येतो हे डोळ्यांना दिसते. पण डुकराला त्याहून अधिक जाचणारी उष्णता त्याच्या पोटात तयार होते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. जठराग्नी हा शब्द आपल्याकडे फार जुना. त्यातला अग्नी केवळ अलंकार नव्हे. अन्न चावणे, पचविणे, त्यातील द्रव्ये एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणे, नको ते बाहेर टाकणे या प्रत्येक कामात ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन निघून जातो. जेवणानंतर आपल्यालाही अंग कोमट झाल्यासारखे वाटते ते यामुळेच. शास्त्रज्ञ याला आहारजन्य उष्मा म्हणतात. आपण त्याला जकात म्हणू. गावात माल आणावयाचा तर पूर्वी नाक्यावर जकात भरावी लागे आणि तिचा दर मालपरत्वे निराळा असे. शरीराच्या नाक्यावरही तसाच वेगवेगळा दर आहे, आणि तो उष्णतेच्या नाण्यात वसूल होतो.

थंडीच्या दिवसांत ही जकात वाया जात नाही, कारण अंग उबदार ठेवावयास ती कामी येते. वैशाखात मात्र वसूल झालेली प्रत्येक कवडी बाहेर नेऊन टाकावी लागते, आणि नेणारा गडी, म्हणजे घाम, या देहाकडे नाही.

┌──────────────
चौकट: शेकडा किती जकात?

शरीराच्या उपयोगी पडणाऱ्या ऊर्जेच्या दर १०० भागांपैकी वाढत्या डुकरात उष्णता होऊन जाणारा भाग, ठोकळ मानाने:

तेल, चरबी : १०
पिष्ट (मका, ज्वारी, तांदूळ यांचा मुख्य भाग) : १८
प्रथिन : सुमारे ४२
तंतू (कोंडा, भुसा, हिरवा चारा) : सुमारे ४२

फ्रान्समधील नोब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस केलेल्या मोजणीवरून हे दर आले.
└──────────────

प्रथिनावर एवढा जबर दर का, हे समजावयास पाथरवटाचे उदाहरण घ्यावे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या वीसएक प्रकारच्या घडीव दगडांचा ढीग. शरीराला मांसाची भिंत रचावयाची असते आणि त्या भिंतीत कोणता दगड किती लागणार हे ठरलेले असते. डुकराच्या बाबतीत ज्याचा तुटवडा सर्वांआधी पडतो त्या कोनशिलेचे नाव लायसिन. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिन भरपूर, पण हा दगड थोडा. तेव्हा लायसिनचा भरणा होईपर्यंत पेंड वाढवीत गेले तर बाकीचे दगड गरजेपेक्षा जास्त येऊन पडतात. ते साठवून ठेवण्याची सोय शरीरात नाही. जादा दगड फोडावे लागतात, त्यातला नत्र वेगळा काढून यकृतात त्याचे युरिया करावे लागते, मूत्रपिंडांतून ते पाण्याबरोबर बाहेर टाकावे लागते. फोडणावळ, वाहतूक आणि वर पाण्याचा खर्च, सगळेच वैशाखात महाग.

तंतूंची गोष्ट वेगळी. ते लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांना आंबवून काढतात, आणि आंबण्याच्या क्रियेत उष्णता किती निघते हे ज्याने पहाटेच्या थंडीत उकिरडा उकरताना वाफ निघताना पाहिली आहे त्याला निराळे सांगावयास नको.

भूक हिशेब करते

आता दुपारच्या त्या भरल्या डोणीकडे पुन्हा पाहावे. देहाचे तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास राखावयाचे, बाहेर त्रेचाळीस, उष्णता बाहेर टाकण्याचे मार्ग जवळपास बंद; अशा वेळी प्रत्येक घास म्हणजे तापलेल्या चुलीत आणखी एक लाकूड. मेंदूतील ज्या भागाकडे देहाच्या तापमानाचा कारभार आहे त्याच्या शेजारीच भुकेचीही कचेरी आहे, आणि पहिला कारभारी दुसऱ्याला खर्च थांबविण्याचा हुकूम देतो. डुकराने खाणे सोडले हे रोगाचे लक्षण नसून एका काटेकोर हिशेबनिसाने केलेली काटकसर आहे. म्हणून काठीने डिवचणे व्यर्थ आणि गुळाची लालूच तर क्रूर.

पण या काटकसरीची किंमत केवळ उपासापुरती नाही, हे अलीकडच्या काळात कळले. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात लान्स बाउमगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांचे दोन गट केले: एकाला पस्तीस अंशांच्या उष्म्यात ठेवून मनाला येईल तेवढे खाऊ दिले, दुसऱ्याला सुखाच्या गारव्यात ठेवून पहिल्या गटाने जेवढे खाल्ले तेवढेच, म्हणजे अर्धपोटी, वाढले. दोघांचा शिधा सारखा, मग परिणामही सारखा व्हावा. तसे झाले नाही. गारव्यातील उपाशी डुकरे कोणत्याही उपाशी प्राण्याप्रमाणे अंगची चरबी जाळून दिवस काढू लागली. उष्म्यातील डुकरांनी चरबीला हात लावला नाही, त्यांच्या रक्तातील इन्सुलिन उलट चढे राहिले, आणि वाढीचा तोटा मांसाच्या बाजूला पडला. इन्सुलिन हा कोठारांना कुलूप घालणारा संप्रेरक. दुष्काळ पडलेला, आणि कोठीवाल्याने नेमकी किल्ली खिशात घालून ठेवलेली, असा हा प्रकार. तापलेले डुक्कर विक्रीच्या वेळी वजनाला कमी भरते आणि त्यातही चरबीचे प्रमाण जास्त निघते, त्याचा खुलासा येथे मिळतो.

दुसरी हानी आतड्याची. उष्णता बाहेर टाकावी म्हणून शरीर रक्त कातडीकडे वळविते. एकूण रक्त तेवढेच, तेव्हा ते कोठूनतरी कमी करावे लागते, आणि आतड्याचे पाणी तोडले जाते. कालव्याचे पाणी वरच्या बाजूला वळविले की खालच्या शेताला भेगा पडतात. आतड्याच्या अस्तराचेही काही तासांत तसेच होते. त्या भेगांतून आतल्या जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपतात, आणि त्यांच्याशी झगडताना उरलासुरला शिधा खर्ची पडतो. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची मात्रा उन्हाळ्यात वाढवितात ती या अस्तराची झीज रोखण्यासाठी. मात्र सेलेनियम अधिक झाले तर स्वतःच विष ठरते, म्हणून ते अंदाजाने चिमूटभर टाकण्याची वस्तू नव्हे, तयार मिश्रणातूनच जावे.

शिधा कसा बदलावा

जकात चुकविता येत नाही, पण कमी दराचा माल आणता येतो. उन्हाळी खाद्याची सगळी विद्या या एका वाक्यात मावते.

पहिली काटछाट जादा प्रथिनाची. वाढत्या डुकराच्या खाद्यात शेकडा अठरा प्रथिन असेल तर ते दोन-अडीच टक्क्यांनी उतरवावे आणि कमी पडणारे लायसिन वेगळे, पुडीतून, मिसळावे. नुसते प्रथिन उतरवून स्वस्थ बसले तर वाढ खुंटते; कोनशिला मात्र पुरेशी आली तर भिंत उभी राहते आणि फोडावयाचे दगड कमी होतात. हे लायसिन कारखान्यात जिवाणू पोसून काढतात, आणि त्या जिवाणूंचे एक आवडते खाद्य म्हणजे मळी. ज्या अकलूज-माळशिरसच्या पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी दिसतात तेथील वाचकाला हे नाते गमतीचे वाटेल.

दुसरा बदल तेलाचा. खाद्याच्या शेकडा तीन ते पाच इतके तेल मिसळावे. तेलावर जकात सर्वांत हलकी, आणि त्यात ऊर्जा पिष्टाच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे दोन घास कमी खाल्ले तरी पोटात तेवढेच पडते. दुपारी भूक मंद झालेल्या जनावराला हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा अधिक उपयोगाचा. सोलापूर ही करडईची जुनी भूमी. पण आजच्या भावात करडईचे तेल डुकराला घालणे कोणाला परवडणार? त्यापेक्षा नीट भाजलेले अखंड सोयाबीन भरडून घालावे. त्यात अठरा-वीस टक्के तेल असते. कच्चे मात्र कदापि नको, कारण त्यातील एक द्रव्य प्रथिनाचे पचनच अडविते. तेल घातलेले खाद्य उन्हात खवट होते, म्हणून आठवड्यापुरतेच कालवावे.

तिसरी गोष्ट कोंड्याची. स्वस्त म्हणून गव्हाचा कोंडा आणि हिरवा घास भरपूर घालण्याची रीत हिवाळ्यात ठीक. उन्हाळ्यात त्याचा वाटा आखडता घ्यावा आणि मका किंवा ज्वारीचा भरडा वाढवावा. गाभण डुकरिणीच्या पोटाला मात्र थोडा कोंडा लागतोच, नाहीतर बद्धकोष्ठ होते.

मळीविषयी दोन शब्द. ती गोड, तिच्यावरची जकात बेताची, आणि तिच्यात पोटॅशियम विपुल. पण प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेले की जुलाब लागावयाचा धोका, आणि जुलाबाबरोबर पाणी जाते. शिवाय उन्हात ती आंबते, माश्या बोलावते, आणि तिच्या व्यवहारावर अबकारी खात्याची नजर असते ती निराळीच. सरकीची पेंड मात्र डुकरापासून दूरच ठेवावी. गोठ्यात ती मानाची वस्तू असली तरी तिच्यातील गॉसिपॉल नावाचे विष रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, डुकराच्या पोटात होत नाही.

आता थोडे गणित, कारण उत्साहाच्या भरात माणूस खाद्याकडून नको तेवढी अपेक्षा करतो. दिवसाला दोन किलो खाणारे एक डुक्कर घेऊ. त्याच्या खाद्यातील प्रथिन अडीच टक्क्यांनी उतरविले म्हणजे पन्नास ग्रॅम, म्हणजे साधारण दोनशे किलोकॅलरी. त्याच्या जागी पिष्ट घातले तर शेकडा बेचाळीसऐवजी अठरा जकात पडून सुमारे अठ्ठेचाळीस किलोकॅलरी उष्णता वाचली. पाच टक्के, म्हणजे शंभर ग्रॅम, तेल पिष्टाच्या ऐवजी घातले तर साडेआठशे किलोकॅलरींवर शेकडा आठ, म्हणजे अडुसष्ट वाचली. एकूण एकशे सोळा. एवढी उष्णता किती पाण्याची वाफ घेऊन जाते? फक्त दोनशे मिलिलिटर, एक पेलाभर! अंगावर उडविलेल्या एक पेला पाण्याचे काम करावयास एवढा सगळा खटाटोप. यावरून अनुक्रम आपोआप ठरतो. आधी सावली, मग अंगावर पाणी, मग पिण्याचे पाणी, आणि त्यानंतर डोण. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत अंगावरचे पाणी झपाट्याने उडते आणि म्हणून ते कामाचे. काणकोणच्या दमट किनाऱ्यावर, जेथील आगोंद गोवन ही देशी जात आता नोंदणीकृत आहे, तेथे हाच उपाय निम्मासुद्धा गुण देत नाही. पण तो पेला तुच्छ मानू नये. ज्याची तिजोरी रिकामी आहे त्याला पेलाभर देणेही जड, आणि तेलाने वाढलेले खाद्याचे सत्त्व या हिशेबात धरलेलेच नाही.

घड्याळाची मदत

जकातीचा दर बदलण्यापेक्षा तिची वसुली कोणत्या प्रहरी व्हावी हे ठरविणे अधिक सोपे आणि बिनखर्चाचे आहे. खाल्ल्याबरोबर उष्णता एकदम निघत नाही. ती चढत जाते आणि काही तास टिकते. सकाळी दहाला डोण भरली तर ही आतली भरती नेमकी दुपारच्या बाहेरच्या भरतीवर चढते: आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असे. म्हणून पहिला शिधा पहाटे, सूर्योदयाच्या आधी. मधली सबंध दुपार डोण रिकामी. दुसरा आणि मोठा शिधा दिवेलागणीनंतर, हवा उतरू लागली म्हणजे. आणि जमल्यास मध्यरात्रीपूर्वी आणखी एक हात. गावठी काळ्या डुकराला ही शिस्त कोणी लावावी लागत नाही. मोकळे सोडले तर ते स्वतःच रात्री हिंडून पोट भरते. त्याचा देह लहान, वाढ सावकाश, त्यामुळे जकातही थोडी. लार्ज व्हाइट यॉर्कशायरसारखे विलायती डुक्कर भराभर वाढण्यासाठी निपजलेले; जेवढी जलद वाढ तेवढी चूल मोठी, म्हणून उन्हाळ्यात आधी तेच कोसळते.

भरडा पाण्यात कालवून दिल्यास डुक्कर अधिक खाते. मात्र वैशाखात कालवलेले खाद्य दोन-तीन तासांत आंबते; उरलेले उचलून डोण धुतली नाही तर दुसऱ्या दिवशी जनावर डोणीजवळही येत नाही. हॉटेल-खानावळीचे उष्टे-खरकटे घालणाऱ्यांनी ते खळखळा उकळून, मग पूर्ण निववून द्यावे. २०२० साली आसाम आणि अरुणाचलात ज्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरने देशात प्रथम पाऊल ठेवले त्या असाध्य रोगाची एक हमखास वाट न उकळलेले खरकटे हीच आहे.

पाणी आणि मीठ

वाढते डुक्कर खाद्याच्या दोन-तीन पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त; पाजती डुकरीण दिवसाला वीस-तीस लिटर सहज रिचवते. आता छपरावरची काळी टाकी आणि उन्हातून आलेली काळी नळी डोळ्यांपुढे आणावी. दुपारी दोनला त्या नळीच्या तोंडाशी हात धरवत नाही, आणि आपण म्हणतो, पाणी तर चोवीस तास आहे! गरम पाणी डुक्कर पीत नाही. पाणी तुटले की खाणेही तुटते. टाकीला सावली, नळी जमिनीत पुरलेली, टाकीभोवती ओले गोणपाट, एवढ्याने फरक पडतो. पाजत्या डुकरिणीच्या तोटीतून मिनिटाला दोन लिटर पाणी यावयास हवे. बादली लावून घड्याळाने मोजून पाहावे, बहुतेकांना धक्का बसतो.

याच्याशीच निगडित असलेला एक घातकी प्रकार फारसा ठाऊक नसतो. खरकट्यात लोणची, पापड, फरसाण यांचे मीठ भरपूर. त्यातच वीज गेली, पंप बंद, आणि डुकरे सबंध दुपार पाण्यावाचून राहिली, तर रक्तात मीठ चढते आणि ते मेंदूपर्यंत पोहोचते. जनावर आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, गोल फिरते, आकडी येऊन पडते. अशा वेळी दयेपोटी पाण्याचा हौद मोकळा करणे सर्वांत वाईट, कारण एकदम आत गेलेले पाणी मेंदूला सूज आणते; थोडे थोडे, वारंवार पाजीत पशुवैद्यास बोलवावे. नुसत्या उन्हाने लोळागोळा झालेल्या डुकराच्या बाबतीतही घाई करू नये: आधी सावली, मग मान आणि पाय भिजविणे, मग सर्वांग.

आईला पंखा, पिलांना शेकोटी

सर्वांत बिकट प्रसंग व्यालेल्या डुकरिणीचा. तिला वीस अंशांची हवा हवी. तिच्या कुशीतील चार दिवसांच्या पिलांना बत्तीस ते चौतीस अंशांची ऊब लागते, आणि दोघांचे बिऱ्हाड एकच. शिवाय दूध तयार करणे हे स्वतःच एक मोठे चुलाण. एरवी पाच-सहा किलो खाणारी ही आई वैशाखात तीन-साडेतीन किलोंवर येते, दूध आटते, तरीही देते तेवढे अंगचे मांस झिजवून देते, आणि पिले तोडल्यानंतर पुन्हा माजावर यावयास उशीर लावते. येथे तेलाचा वाटा आणि रात्रीचा शिधा यांना खरी किंमत येते; काटकसर करावयाची तर ती वाढत्या डुकरांत करावी, पाजतीच्या खाद्यात करू नये. तिच्या मानेवर थेंब थेंब पाणी पडेल अशी नळी बांधावी आणि पिलांचा कोपरा कोरडा राखावा. उसाला ठिबक बसविणाऱ्या गावात यासाठी सामान शोधावे लागत नाही.

नराचे नुकसान मात्र दिसत नाही, म्हणून ते विसरले जाते. शुक्रबीज तयार व्हावयास सहा-सात आठवडे लागतात. वैशाखात देह तापला तर त्या वेळी घडत असलेले बीज बिघडते, आणि नर चांगला खातोपितो, माजावरच्या मादीकडे जातो, तरी मादी गाभण न राहता उलटते. मालक मादीला दोष देतो, खाद्य बदलतो, कधी मादी विकूनही टाकतो. तोवर पाऊस पडून हवा निवळलेली असते, ओढ्याला पाणी आलेले असते, वेळापुरात पालखीच्या मुक्कामाची तयारी चाललेली असते, आणि दीड महिन्यापूर्वीच्या त्या दुपारी नराच्या कुडावर पाला टाकावयाचा राहून गेला होता हे कोणाच्या ध्यानातही नसते.